एका विभागाचे पाठ्यपुस्तक : बॉल्डविनकृत ‘डायनॅमिक ॲस्पेक्ट्स ऑफ बायोकेमिस्ट्री’चे पुनरावलोकन

पाठ्यपुस्तकांचे गंभीरपणे परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. संशोधनपर प्रबंधांची व निबंधांची दखल घेतली जाते; परंतु ज्या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या एकामागून एक पिढ्या पोसल्या जातात, त्याच्याकडे ‘अभ्यासक्रमाला लावलेले’ एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. अभ्यासक्रम बदलला की ते पुस्तक ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात जाते आणि त्याने विद्यार्थ्यांच्या विचाराला कोणते वळण लावले हा प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका मागच्या कपाटात गेलेल्या ग्रंथाचा विचार करावयाचा आहे. अर्नेस्ट बॉल्डविन यांचा ‘डायनॅमिक ॲस्पेक्ट्स ऑफ बायोकेमिस्ट्री’ हा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. १९५२, १९५७, १९६३ व १९६७ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. पुढे लेनिंजर (१९७०) व स्ट्रायर (१९७५) यांच्या ग्रंथांनी त्याची जागा घेतली. आज तो अध्यापनासाठी कोणी वापरीत नाही, आणि वापरावा असे सुचविण्याचाही येथे हेतू नाही.

तरीही हा ग्रंथ पुन्हा उघडण्यास एक सबळ कारण आहे. तो वरवर पाहता एका व्यक्तीचा असला, तरी वस्तुतः एका विभागाचा आहे. फ्रेडरिक गोलँड हॉपकिन्स यांनी केंब्रिज येथे जो जीवरसायन विभाग उभा केला, त्या विभागाची विचारपद्धती, त्याच्या प्रयोगशाळांत निघालेले निष्कर्ष आणि त्याच्या वर्गांत झालेली व्याख्याने यांतून हा ग्रंथ घडला. हॉपकिन्स यांचा मृत्यू मे १९४७ मध्ये झाला. ग्रंथही त्याच वर्षीचा. एका संशोधक विभागाने विद्यार्थ्यांच्या हाती दिलेला तो जणू आपल्या कार्याचा हिशेब होय. तेव्हा या विभागाजवळ होते त्यापैकी ग्रंथात काय उतरले आणि काय उतरू शकले नाही, हे तपासणे म्हणजे विद्यापीठातील संशोधन आणि शिक्षण यांच्या नात्याचाच शोध घेणे आहे. हा प्रश्न आपल्या विभागांनाही लागू पडतो, म्हणून तो येथे मांडला आहे.

१

हॉपकिन्स (१८६१–१९४७) यांची जडणघडण रूढ विद्यापीठीय मार्गाने झाली नाही. विषप्रयोगांच्या खटल्यांत सरकारला साहाय्य करणाऱ्या रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी विश्लेषणाचे काम केले. नंतर लंडनच्या गायज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८९८ मध्ये मायकेल फॉस्टर यांनी त्यांना शरीरक्रियाविज्ञानाची रासायनिक बाजू शिकविण्यासाठी केंब्रिजला बोलाविले. म्हणजे ते तेथे आले ते शिक्षक म्हणून. संशोधनासाठी वेळ काढणे ही त्यांची वैयक्तिक अडचण होती.

त्यांचा पहिला मोठा शोध या अध्यापनातूनच निघाला, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रथिनांची ओळख पटविण्यासाठी त्या काळी ॲडमकीविच यांची परीक्षा वर्गात करून घेतली जाई : प्रथिनाच्या द्रावात ॲसिटिक अम्ल मिसळून त्यात संहत सल्फ्युरिक अम्ल सोडले की जांभळा रंग यावा. एका प्रात्यक्षिकाच्या वेळी रंग आला नाही. विद्यार्थ्याचा हात चुकला असे म्हणून विषय मिटविणे सोपे होते. हॉपकिन्स यांनी तसे केले नाही. शोध घेता असे आढळले, की काही ॲसिटिक अम्लाने रंग येतो व काहीने येत नाही; रंग आणणारा पदार्थ ॲसिटिक अम्ल नसून त्यात अशुद्धी म्हणून असलेले ग्लायॉक्झिलिक अम्ल आहे. पुढचा प्रश्न सहजच आला : या अम्लाशी प्रथिनाचा कोणता घटक संयोग पावतो? सिडनी कोल यांच्या सहकार्याने त्यांनी तो घटक वेगळा केला. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेले ते ट्रिप्टोफॅन होय.

ही साखळी येथे तुटली नाही. मक्यातील झीन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नसते. १९०६ मध्ये एडिथ विलकॉक व हॉपकिन्स यांनी उंदरांना झीन हेच एकमेव प्रथिन देऊन पाहिले. ते जगले नाहीत. त्याच आहारात ट्रिप्टोफॅन घातले तेव्हा ते अधिक काळ टिकले, मात्र त्यांची वाढ झाली नाही. यावरून प्रथिनाची केवळ मात्रा पुरेशी नाही, त्याचे घटकही पाहिले पाहिजेत, हे स्पष्ट झाले. आहारातील अल्पप्रमाण पण अपरिहार्य अशा घटकांच्या विचाराकडे जाणारी वाट येथूनच निघते. १९१२ चा दुधाविषयीचा प्रसिद्ध निबंध आणि १९२९ चे नोबेल पारितोषिक हे त्या वाटेवरचे पुढचे टप्पे. वर्गातील एका फसलेल्या परीक्षानळीपासून जीवनसत्त्वांच्या कल्पनेपर्यंतचा हा प्रवास आहे.

१९१४ मध्ये हॉपकिन्स केंब्रिजचे जीवरसायनाचे पहिले प्राध्यापक झाले. सर विल्यम डन यांच्या विश्वस्तनिधीतून सुमारे दोन लाख पौंडांची देणगी मिळून १९२४ मध्ये विभागाची स्वतंत्र इमारत उघडली. अमेरिकेत जीवरसायन विभाग मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांच्या गरजेतून वाढले, हे रॉबर्ट कोलर यांनी आपल्या १९८२ च्या इतिहासग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. केंब्रिजच्या विभागाचे वैशिष्ट्य असे, की तो रुग्णालयाचा सेवक झाला नाही. तेथे मार्जरी स्टीफन्सन जीवाणूंचा चयापचय अभ्यासीत; जोसेफ नीडम अंड्यातील गर्भाची रासायनिक वाढ पाहत; डोरोथी नीडम स्नायूंवर, रॉबिन हिल वनस्पतींवर, माल्कम डिक्सन ऑक्सिडीकरण करणाऱ्या एन्झाइमांवर काम करीत; आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ब्रिग्ज यांच्यासह १९२५ मध्ये एन्झाइमांच्या वेगाचे गणित नव्या पायावर उभे केले. जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेले हान्स क्रेब्ज १९३३ मध्ये प्रथम येथेच आले. कोणी कोणता विषय घ्यावा यावर बंधन नव्हते. मात्र सर्वांचा प्रश्न एकच होता : पेशीत कोणती विक्रिया कोणत्या क्रमाने घडते?

२

हा प्रश्न हॉपकिन्स यांनी १९१३ मध्ये बर्मिंगहॅम येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे केलेल्या भाषणात मांडला होता. बॉल्डविन यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘डायनॅमिक’ हा शब्द त्या भाषणाचा वारसा सांगतो. त्या काळी अनेक शरीरशास्त्रज्ञांची अशी समजूत होती, की जिवंत जीवद्रव्य हा एक प्रचंड, अस्थिर व गूढ रेणू आहे. त्याला हात लावताच तो मरतो, आणि मेलेल्या द्रव्याच्या विश्लेषणातून जीवनाचे ज्ञान होणे नाही. हॉपकिन्स यांचे उत्तर असे होते : पेशीत घडणाऱ्या विक्रियांत सामान्य रसायनशास्त्राला ओळखता येतील असेच साधे पदार्थ भाग घेतात, प्रत्येक पायरीला तिचा विशिष्ट एन्झाइम असतो, आणि या असंख्य विक्रियांचा चालता समतोल म्हणजेच पेशीचे जीवन. या भूमिकेमुळे जीवरसायनाला स्वतःचा असा विषय मिळाला. नुसत्या पदार्थांची यादी करणे हे सेंद्रिय रसायनाचे काम. पदार्थांची ये-जा समजून घेणे हे जीवरसायनाचे.

बॉल्डविन (१९०९–१९६९) हे या विभागाचेच विद्यार्थी व नंतर तेथीलच अध्यापक. १९३७ मध्ये त्यांनी तुलनात्मक जीवरसायनाची एक छोटी प्रवेशिका लिहिली होती. १९५० मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक म्हणून गेले. फ्रेडरिक सँगर विद्यार्थी असताना ज्यांच्या उत्साही अध्यापनामुळे विभागाची ख्याती होती, त्यांत डिक्सन व नीडम यांच्या बरोबरीने बॉल्डविन यांचे नाव घेतले जाते.

ग्रंथाची रचनाच त्याची भूमिका सांगते. त्याच्या आधीची बहुतेक पाठ्यपुस्तके कर्बोदके, मेद व प्रथिने यांच्या रासायनिक वर्णनाने सुरू होत. नंतर पचन, रक्त, मूत्र असा क्रम लागे. विद्यार्थ्याला प्रथम पदार्थ पाठ करावे लागत, आणि ते कशासाठी पाठ केले हे बऱ्याच उशिरा कळे. बॉल्डविन यांनी हा क्रम मोडला. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग संपूर्णपणे एन्झाइमांना वाहिलेला आहे, दुसरा चयापचयाला. म्हणजे आधी कर्ता आणि मग क्रिया. दुसऱ्या भागातही प्रत्यक्ष चयापचयाकडे वळण्यापूर्वी, मध्यस्थ विक्रियांचा शोध कोणत्या रीतींनी घेतला जातो याचे स्वतंत्र विवेचन येते. अखंड प्राणी, बाहेर काढून प्रवाहित ठेवलेला अवयव, ऊतीचे पातळ काप, कुटून काढलेला अर्क आणि शुद्ध केलेला एन्झाइम यांपैकी प्रत्येक पातळीवर कोणता प्रश्न विचारता येतो व कोणता येत नाही, हे विद्यार्थ्याला कळले, की पुढच्या प्रकरणातील विधाने त्याला आकाशातून पडलेली वाटत नाहीत. पाठ्यपुस्तकात रीतीला विषयाच्या बरोबरीचे स्थान देणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती, आणि आजही ती सामान्य झालेली नाही.

दुसरा गुण तुलनात्मक दृष्टीचा. नायट्रोजनाच्या उत्सर्जनाचे उदाहरण घ्यावे. बहुतेक मासे अमोनिया टाकतात, सस्तन प्राणी युरिया, आणि पक्षी व अनेक सरपटणारे प्राणी यूरिक अम्ल. वैद्यकीय पुस्तकात यांपैकी फक्त युरियाला स्थान असे. पाण्याची उपलब्धता आणि कवचबंद अंड्यातील गर्भाची स्थिती यांच्याशी या भेदाचा संबंध नीडम यांनी जोडला होता. बॉल्डविन यांनी तो विचार विद्यार्थ्यांपुढे सुसंगतपणे ठेवला. यीस्टचे किण्वन व स्नायूतील ग्लुकोजविघटन यांत पायऱ्यांचे केवढे साम्य आहे, हेही अशाच दृष्टीने पाहिल्यावर खऱ्या अर्थाने उमगते. जीवसृष्टीची वरवरची विविधता व तिच्या आत असलेली रासायनिक एकता या दोन्हींचे भान हा ग्रंथ एकाच वेळी देतो.

तिसरा गुण भाषेचा. बॉल्डविन यांचे लेखन व्याख्यानासारखे चालते. एक पायरी सिद्ध झाल्याशिवाय ते दुसरीवर पाऊल ठेवीत नाहीत. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांना याचे मोल विशेष वाटावे.

३

एवढे मान्य केल्यावर ग्रंथाच्या उणिवांकडे वळले पाहिजे. त्यांतील काही निव्वळ काळाच्या आहेत. पहिल्या आवृत्तीच्या वेळी ‘सक्रिय ॲसिटेट’ म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते ॲसिटिल कोएन्झाइम-ए आहे हे लिनेन यांनी १९५१ मध्ये दाखविले. अशा गोष्टींबद्दल ग्रंथकाराला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु तीन उणिवा काळाच्या नसून दृष्टीच्या आहेत.

पहिली उणीव ‘गतिमान’ व ‘स्थितिशील’ या भेदातच आहे. १९१३ मध्ये हा भेद एक हत्यार होता. त्याच्या साहाय्याने हॉपकिन्स यांनी नव्या शास्त्रासाठी जागा मोकळी केली. १९४७ पर्यंत मात्र त्या हत्याराचे कुंपण झाले होते. रचनेचा अभ्यास म्हणजे स्थितिशील, म्हणून दुय्यम, असा संस्कार या मांडणीतून विद्यार्थ्यावर नकळत होतो. ग्रंथातील एन्झाइम काय करतो हे आपल्याला तपशिलाने कळते. तो कसा बांधलेला आहे, आणि त्या बांधणीमुळेच तो ते काम कसे करू शकतो, हा प्रश्न जवळजवळ उपस्थितच होत नाही. आश्चर्य असे, की या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर त्याच विभागातून आले. सँगर यांनी १९४५ मध्ये प्रथिनसाखळीच्या टोकाचे ॲमिनो अम्ल ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९५५ पर्यंत इन्शुलिनमधील ५१ ॲमिनो अम्लांचा क्रम पूर्णपणे लावला. प्रत्येक प्रथिनाला निश्चित क्रम असतो हे त्यामुळे निर्विवाद झाले. त्याच शहरात, परंतु कॅव्हेंडिश या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, १९५३ मध्ये डीएनएची रचना मांडली गेली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हीमोग्लोबिन व मायोग्लोबिन यांच्या आकृती उलगडल्या. रचना कळल्यावर क्रिया कळते, हे या सर्व शोधांनी शिकविले. विभागातील पाठ्यपुस्तक एका दिशेला पाहत होते आणि विभागातीलच एका खोलीत भविष्य दुसऱ्या दिशेने उगवत होते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी. ‘गतिमान’ हा शब्द त्या काळी आणखी एका अर्थाने प्रचारात आला होता. कोलंबिया विद्यापीठात शोएनहायमर यांनी जड हायड्रोजन व जड नायट्रोजन यांच्या खुणा वापरून दाखविले, की शरीराचे मेद व प्रथिने या ‘बांधून झालेल्या’ वस्तू नाहीत; त्या सतत मोडल्या व पुन्हा घडविल्या जात असतात. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४२ मध्ये, ही व्याख्याने प्रसिद्ध झाली. हॉपकिन्स यांच्या परंपरेत इंधन वाहते आणि यंत्र जागेवर राहते. शोएनहायमर यांच्या मते यंत्रही वाहते. या दोन अर्थांची गाठ घालणे हे खऱ्या गतिमान जीवरसायनाचे कार्य होते, आणि एन्झाइमापासून सुरुवात करणाऱ्या रचनेत ती गाठ घट्ट बसत नाही. कारण तेथे एन्झाइम हा गृहीत धरलेला कर्ता आहे. तो स्वतः कोठून आला, किती दिवस टिकतो व कसा नाहीसा होतो, हे प्रश्न कथेबाहेर राहतात.

दुसरी उणीव नियमनाची. चयापचयाचा नकाशा या ग्रंथात सुंदर आहे; परंतु नकाशावर रस्ते दिसतात, रहदारी दिसत नाही. कोणता पदार्थ कोणत्या पदार्थात रूपांतरित होतो हे कळते. मग पेशी गरजेपुरतेच का बनविते, आणि पुरेसे झाल्यावर थांबते कशी? १९५६ मध्ये अम्बार्गर यांनी, तसेच येट्स व पार्डी यांनी, जीवाणूंत दाखवून दिले, की विक्रियामालिकेतील अंतिम पदार्थ त्याच मालिकेच्या आरंभीच्या एन्झाइमाला आवर घालतो. पुढे १९६० नंतरच्या दशकात मोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याला सिद्धांताचे रूप दिले. समतोल हा शब्द हॉपकिन्स यांनी १९१३ मध्येच वापरला होता. मात्र समतोल कोण राखतो हे विचारण्याची सोय ग्रंथाच्या आराखड्यात नव्हती. पुढच्या आवृत्त्यांत नवी माहिती भरता आली तरी आराखडा तोच राहिला.

तिसरी उणीव तुलनात्मक भागाची, आणि ती त्याच्या गुणातूनच उद्भवते. पक्ष्याला पाणी जपावे लागते म्हणून तो यूरिक अम्ल टाकतो, असे वाक्य वाचताना समाधान होते. परंतु उपयुक्तता म्हणजे कारण नव्हे. कोणते एन्झाइम लाभले, कोणते लोपले, आणि ते कोणत्या वंशशाखेत, हे तपासल्याशिवाय असे स्पष्टीकरण सुबक कथेच्या पलीकडे जात नाही. बॉल्डविन यांची लेखणी इतकी ओघवती आहे, की वाचकाला हा फरक जाणवत नाही. ओघ हा पाठ्यपुस्तकात गुण खरा. पण जेथे पुरावा तोकडा आहे तेथे वाचकाला किंचित अडखळू देणे हेही शिक्षकाचे काम आहे.

४

हाच मुद्दा पुढे नेला की या परीक्षणातील मुख्य प्रश्नाशी आपण येतो. विभागाजवळ असलेली कोणती गोष्ट ग्रंथात उतरली नाही? थोडक्यात सांगावयाचे तर, चुकण्याची सवय व चूक मान्य करण्याची रीत.

हॉपकिन्स यांच्या स्वतःच्या कार्यातील दोन उदाहरणे पुरेत. १९०७ मध्ये त्यांनी व वॉल्टर फ्लेचर यांनी बेडकाच्या स्नायूवर प्रयोग केले. स्नायू बर्फासारख्या थंड अल्कोहोलात चटकन चिरडून त्यांनी तोवरच्या परस्परविरोधी आकड्यांचा गोंधळ संपविला. ऑक्सिजनाविना आकुंचन पावणाऱ्या स्नायूत लॅक्टिक अम्ल साठते व ऑक्सिजन मिळताच ते नाहीसे होते, हे निर्विवाद झाले. त्यावरून लॅक्टिक अम्ल हेच आकुंचनाचे मूळ अशी उपपत्ती अनेकांनी उभारली, आणि ती वीस वर्षांहून अधिक काळ मान्य राहिली. १९३० मध्ये लुंड्सगार्ड यांनी आयडोॲसिटेटाने विषाक्त केलेला स्नायू लॅक्टिक अम्ल मुळीच न बनविता आकुंचन पावतो हे दाखविले आणि उपपत्ती कोसळली. १९०७ ची मापने मात्र खरीच राहिली. मापन व अर्थ यांत किती अंतर असते याचा यापेक्षा चांगला धडा नाही.

दुसरे उदाहरण ग्लुटाथायोनचे. १९२१ मध्ये हॉपकिन्स यांनी हा पदार्थ यीस्टमधून वेगळा केला व तो दोन ॲमिनो अम्लांचा बनलेला आहे असे जाहीर केले. १९२७ मध्ये हंटर व ईगल्स यांनी त्यावर शंका घेतली. हॉपकिन्स तेव्हा पासष्टी ओलांडलेले व रॉयल सोसायटीचे एक अग्रणी होते. त्यांनी प्रश्न पुन्हा हाती घेतला, पदार्थ स्फटिकरूपात मिळविला, आणि १९२९ मध्ये तो तीन ॲमिनो अम्लांचा आहे, तिसरे ग्लायसीन, हे स्वतःच प्रसिद्ध केले. विभागातील तरुणांनी हे सर्व डोळ्यांदेखत पाहिले. त्यांना मिळालेले हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेत लिहिलेले नव्हते.

त्याच तरुणांनी १९२३ ते १९३१ या काळात ‘ब्रायटर बायोकेमिस्ट्री’ नावाचे एक विनोदी विभागीय नियतकालिक चालविले व त्यात आपल्या वरिष्ठांचीही थट्टा केली. जेथे प्राध्यापकाची थट्टा छापता येते, तेथे प्राध्यापकाच्या निष्कर्षावर शंकाही घेता येते. पाठ्यपुस्तक हे वातावरण सोबत नेऊ शकत नाही. ते निष्कर्ष नेते, फार तर निष्कर्षामागील रीत नेते. बॉल्डविन यांनी रीत नेली, हे त्यांचे श्रेय. परंतु सुघटित प्रकरणे वाचणाऱ्या दूरच्या विद्यार्थ्याला असे वाटण्याचा संभव आहे, की शास्त्र हे असेच एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, न अडखळता, चढत आले.

वातावरणाचा लाभ प्रत्यक्ष घेणाऱ्यांत एक नाव आपल्या जवळचे आहे. कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळविल्यानंतरही १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये स्त्री म्हणून प्रवेश मिळविण्यासाठी झगडावे लागले, आणि तो मिळाला तोही अटींवर. तेथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या विभागात आल्या. केंब्रिज विद्यापीठही स्त्रियांना पूर्ण सदस्यत्वाची पदवी १९४८ पर्यंत देत नव्हते. परंतु विभागात स्टीफन्सन, डोरोथी नीडम यांच्यासारख्या स्त्रिया मानाने काम करीत होत्या. म्हणजे विभाग आपल्या विद्यापीठाच्या पुढे होता. तेथे रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना सायटोक्रोमांशी निगडित श्वसनव्यवस्था वनस्पतींतही आहे हे कमलाबाईंनी दाखविले, आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे त्यांनी जे विषय निवडले ते येथील मातीतले होते : कडधान्यांतील प्रथिने, त्यांतील ट्रिप्सिनला रोखणारे घटक, नीरेतील पोषक द्रव्ये. केंब्रिजचे विषय त्यांनी आणले नाहीत, प्रश्न विचारण्याची पद्धत आणली. एका विभागाचा दुसऱ्या देशातील शिक्षणावर पडणारा चांगल्यातील चांगला प्रभाव असा असतो.

५

आता आपल्या प्रात्यक्षिकवर्गाकडे येऊ. ट्रिप्टोफॅनची ‘हॉपकिन्स-कोल परीक्षा’ आपल्याकडील विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. प्रस्तुत लेखकाने ती प्रथम केली तेव्हा परीक्षानळीच्या कडेने संहत सल्फ्युरिक अम्ल जपून सोडूनही दोन द्रवांच्या सीमेवर जांभळे कडे उमटले नाही. प्रात्यक्षिक घेणाऱ्या शिक्षकांनी शेजारच्या विद्यार्थ्याची नळी पाहून जर्नलमध्ये ‘जांभळे कडे दिसले’ असे लिहावयास सांगितले. तसे लिहिले, सहीही मिळाली. अभिकर्मकाची बाटली जुनी होती, की द्राव पातळ होता, की दिलेले प्रथिन जिलेटीन होते आणि जिलेटिनात ट्रिप्टोफॅन नसल्याने ‘न दिसणे’ हेच बरोबर उत्तर होते, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. ज्या परीक्षेचा जन्मच न उमटलेल्या रंगाची चौकशी केल्यामुळे झाला, तीच परीक्षा न उमटलेला रंग खोडून शिकविली गेली. त्या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. तीन तासांत वीस नळ्या संपविण्याचे बंधन त्यांच्यावर होते. परंतु त्या दिवशी त्या वर्गात शिक्षण झाले नाही, हे खरे.

बॉल्डविन यांच्या ग्रंथाचे आपल्याकडे जे झाले तेही याच जातीचे होते. एन्झाइमांच्या कार्याचे तर्कशुद्ध विवेचन असलेले पुस्तक आपण परीक्षेसाठी विक्रियांच्या यादीत रूपांतरित केले. रीतींचे विवेचन ‘प्रश्न येत नाही’ म्हणून गाळले. ग्रंथाच्या उणिवा वर सांगितल्या. पण त्याच्या गुणांचा उपयोग न करण्याची उणीव आपली आहे.

यावर उपाय भव्य असण्याची गरज नाही. प्रत्येक पदव्युत्तर वर्गाने वर्षातून एक विषय तरी पाठ्यपुस्तकातून न शिकता मूळ निबंधांच्या क्रमाने वाचावा. ग्लुटाथायोनचे १९२१ व १९२९ चे निबंध एकापुढे एक ठेवले तरी पुष्कळ होईल. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये जे दिसले तेच लिहिण्याची मुभा असावी, आणि अपेक्षित ते दिसले नाही तर त्याची चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याबद्दल गुण मिळावेत. प्रबंधाला शेवटी एक प्रकरण असावे, ज्यात फसलेले प्रयोग व त्यांची संभाव्य कारणे नोंदविलेली असतील. आणि या पत्रिकेने, दर अंकात नसले तरी अधूनमधून, विभागात फसलेल्या एखाद्या प्रयोगाची हकीकत छापावी.

‘डायनॅमिक ॲस्पेक्ट्स ऑफ बायोकेमिस्ट्री’ हा ग्रंथ आज नव्या विद्यार्थ्याला चयापचय शिकण्यासाठी द्यावा असे वाटत नाही. ज्याला पुढे पाठ्यपुस्तक लिहावयाचे आहे किंवा विभाग चालवावयाचा आहे, त्याने मात्र तो अवश्य वाचावा; आणि वाचताना त्याच्या प्रत्येक प्रकरणामागे ती न रंगलेली परीक्षानळी उभी आहे हे विसरू नये. विभागाच्या ग्रंथालयातील प्रत जुनी आहे व तिची बांधणी सुटली आहे. ती पुन्हा बांधून घ्यावी, अशी सूचना करून हे पुनरावलोकन संपवितो.